बाबा, एडिनबरा आणि समोर दिसणारी टेकडी

नाशिकमधल्या आमच्या इंदिरानगरच्या गच्चीवरून पूर्वी पांडवलेणीचा डोंगर अख्खा दिसायचा. पावसाळ्यात हिरवागार, मार्च लागला की करपलेल्या भाकरीच्या रंगाचा. बाबा संध्याकाळी चहाचा कप घेऊन वर जायचे आणि डोंगराकडे तोंड करून बसायचे, बोलायचे काहीच नाहीत, नुसते बसायचे. मग समोरच्या प्लॉटवर एक बिल्डिंग उठली, पुढच्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी, आणि डोंगर गेला. म्हणजे डोंगर आहे तिथेच आहे, बाबा अजूनही रोज पहाटे साडेपाचला स्कूटर काढून लेण्यांच्या पायऱ्या चढायला जातात, गेली तीस वर्षं जातायत, पण घरातून तो दिसायचा बंद झाला. आणि बाबांचा गच्चीवरचा चहाही बंद झाला.

हे आधी सांगितलं कारण २०२३ च्या मे महिन्यात मी आणि बाबा धाकट्या बहिणीकडे, मनूकडे, स्कॉटलंडमधल्या एडिनबराला तीन आठवडे राहून आलो आणि तिथे बाबा जे जे बघत होते ते सगळं या गच्चीवरूनच बघत होते असं मला आता वाटतं. मनूने किल्ला, राजवाडा, व्हिस्कीचं म्युझियम, हायलँड्सची बस टूर अशी सगळी यादी करून ठेवली होती. बाबांनी पहिल्याच दिवशी तिच्या किचनच्या खिडकीतून बाहेर बघितलं, समोर एक मोठी काळपट टेकडी सिंहासारखी बसलेली, आणि विचारलं, "मनू, त्याच्यावर चढता येतं का गं?" झालं. यादी तिथेच राहिली, आम्ही तीन आठवडे टेकड्या, बागा आणि बाकडी एवढंच केलं.

मनूचं घर मार्चमाँट भागात आहे, दगडी चार मजली इमारती, आणि पाच मिनिटांवर द मेडोज नावाचं भलंमोठं मैदान. मैदान म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतं तसं धुळीचं नाही, सगळं गवत, मधून पायवाटा आणि वाटांच्या दोन्ही बाजूंनी झाडं. आम्ही गेलो तेव्हा चेरीच्या झाडांचा बहर उतरत आला होता, वारा आला की गुलाबी पाकळ्या रस्त्यावर इकडून तिकडे पळायच्या. ऊन पडलं रे पडलं की सगळं गाव तिथे येऊन आडवं होतं, कॉलेजची पोरं, लहान मुलं, कुत्री, म्हातारी माणसं, सगळे गवतावर. बाबा पहिले दोन दिवस कडेच्या वाटेनेच चालत होते. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाले, "गवतावर चालू नये असा बोर्ड कुठे दिसत नाहीये." मग बूट काढून चालले, अर्धा तास. इथे पूर्वी तळं होतं, शहराला पाणी देणारं, ते हळूहळू आटवलं, आणि १८२७ मध्ये चक्क पार्लमेंटचा कायदा झाला की या जमिनीवर बांधकाम करायचं नाही. शहराच्या अगदी मध्यात, युनिव्हर्सिटीला लागून असलेली जमीन, आणि दोनशे वर्षं होत आली तरी ती मोकळी आहे. बाबा पीडब्ल्यूडीत सुपरवायझर होते, जागेची किंमत त्यांना कळते. त्यांनी मनूला कायद्याचं साल दोनदा विचारलं.

आता ती टेकडी. नाव आर्थर्स सीट, उंची २५१ मीटर. आकडा ऐकून मला काहीच वाटलं नाही, कारण आपलं नाशिकच समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, म्हणजे आपलं सीबीएस बस स्टँड त्यांच्या शिखरापेक्षा कितीतरी उंचावर. पण तिथे समुद्र शेजारीच आहे ना, त्यामुळे त्या २५१ मीटरमधले बहुतेक सगळे मीटर पायांनीच चढावे लागतात, आणि शेवटचा टप्पा खडकावरून, माणसांच्या पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेल्या. आपल्या गडांवर जसे कातळ असतात ना, तस्से. बाबा थांबले, खाली वाकले, खडकावर हात ठेवला, एक सुटा तुकडा उचलून वजन बघितलं, आणि मला म्हणाले, "हा तर आपलाच काळा पत्थर आहे गं."

आणि खरंच की! ही टेकडी म्हणजे विझलेला ज्वालामुखी आहे, साधारण ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. आपली सह्याद्री, ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी, हे सगळं लाव्हाच्याच थरांचं, दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे त्यांचा दगड आपल्यापेक्षा पाचपट म्हातारा, पण जात तीच, बेसॉल्ट. टेकडीच्या दक्षिण अंगाला सॅमसन्स रिब्ज म्हणून एक कडा आहे तिथे बेसॉल्टचे खांब खांब उभे आहेत एकाला एक चिकटून, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दिसतात तसे. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडत जातात म्हणून असे खांब होतात. बाबांनी हे मला तिथे रस्त्यावर उभं राहून समजावून सांगितलं आणि शेजारून जाणारं एक जोडपं, भाषा कळत नसताना, थांबून त्यांच्या हाताच्या दिशेने बघत राहिलं.

वर जाताना उतारावर पिवळी काटेरी झुडपं फुललेली असतात, गॉर्स म्हणतात, त्यांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. अगदी नारळ फोडल्यावर येतो तो. मला आधी वाटलं कोणीतरी सनस्क्रीन लावलंय. वाऱ्याची झुळूक आली की वास येतो, वारा पडला की गेला. आणि वारा म्हणजे काय वारा! शिखरावर धड उभं राहता येत नाही, बाबांनी टोपी खिशात घातली आणि मफलर कानाला गुंडाळला, मे महिन्यात. वर एक मोजणीचा दगडी खांब आहे आणि बाकी काही नाही. भेळवाला नाही, देऊळ नाही, रेलिंग नाही, तिकीट तर खालीही नाही. देऊळ नाही याचं बाबांना जरा चुकल्यासारखं झालं, डोंगर चढून गेल्यावर कुठेतरी हात जोडायची सवय असते ना आपल्याला. त्यांनी मग त्या खांबाला हात लावला आणि सूर्याकडे तोंड करून हात जोडले. समोर फर्थ ऑफ फोर्थची खाडी, तिच्यापलीकडे फाइफचा किनारा, पश्चिमेला लांबवर फोर्थ ब्रिजची लाल कमान कमान, १८९० चा पूल, अजून त्यावरून रेल्वे जाते. आणि खाली सगळं शहर, किल्ला, मनोरे, धुरांडी, मनूची गल्ली. बाबांनी मनूची खिडकी शोधायला वीस मिनिटं लावली पण शोधली.

या टेकडीच्या भोवतीचा सगळा भाग म्हणजे हॉलिरूड पार्क, ६४० एकर. बाग म्हणावी अशी बाग नाही, डोंगर, कडे, गवत, तीन तळी. सेंट मार्गारेट्स लॉख नावाचं एक तळं आहे, त्यात राजहंस असतात आणि वरच्या खडकावर जुन्या चॅपलची पडकी भिंत. माझी आवडती जागा ती. रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसले असते तरी चाललं असतं मला.

पण बाबांचा जीव अडकला तो सॉल्सबरी क्रॅग्जमध्ये. आर्थर्स सीटच्या पुढ्यात, शहराच्या बाजूला हा लांबलचक उभा कडा आहे, लालसर काळा. अठराव्या शतकात जेम्स हटन नावाचा माणूस इथे येऊन दगड बघायचा. त्याने दाखवून दिलं की खालचे वाळूच्या दगडाचे थर आधीचे आहेत आणि हा काळा दगड वितळलेल्या अवस्थेत त्यांच्यात घुसून मग थंड झालाय, थरांची टोकं कशी वाकली, तुटली ते तिथे सरळ डोळ्यांनी दिसतं. पृथ्वी काही हजार वर्षांची नाही, फार फार जुनी आहे, हा विचार अशा जागांवरून पुढे आला. त्या जागेला हटन्स सेक्शन म्हणतात. आम्हाला ती जवळून बघता आली नाही, कड्याच्या पोटातून जाणारी रॅडिकल रोड नावाची वाट २०१८ मध्ये दरड पडल्यापासून बंद होती. ती वाटही कोणी बांधली तर १८२० मध्ये बेकार झालेल्या विणकरांनी, त्यांना काहीतरी काम द्यायचं म्हणून. आम्ही मग कड्याच्या माथ्यावरून गेलो.

कड्याला मोठे मोठे घास घेतल्यासारख्या खोबणी आहेत, त्या जुन्या खाणी. हा कडा फोडून फोडून त्याचा दगड रस्त्यांसाठी विकत होते, पार लंडनच्या रस्त्यांपर्यंत गेला म्हणे. लोक ओरडायला लागले, कोर्टकचेरी झाली, आणि १८३१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालाने खाण बंद झाली. मनू हे मोबाईलवर वाचून दाखवत होती आणि बाबा त्या खोबणीकडे बघत होते. त्यांनी आयुष्यभर खडी मोजून घेतलीये, किती ब्रास कुठे लागते ते त्यांना नुसतं बघून कळतं. म्हणाले, "अजून तीस-चाळीस वर्षं चाललं असतं तर हा कडा राहिला नसता." मग बराच वेळ गप्प. मला माहितीये ते कशाचा विचार करत होते. सारूळकडे, त्र्यंबकच्या रस्त्याला, आपले डोंगर अर्धे कापलेले दिसतात आणि आपण गाडीतून बघत बघत पुढे जातो. त्यांनी स्वतः जी खडी साइटवर उतरवून घेतली ती कुठल्या ना कुठल्या डोंगराचीच होती, हे ते मला घरी आल्यावर एकदा बोलले. त्यात कोणाला दोष द्यायचा नव्हता त्यांना, रस्ते तर हवेतच. पण कुठला डोंगर घ्यायचा आणि कुठला नाही हे कोणीतरी ठरवायला हवं होतं, असं म्हणाले.

प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे तिथला मेन रोड, आपल्या एमजी रोडसारखा, दुकानंच दुकानं. पण एकाच बाजूला! दुसरी बाजू पूर्ण मोकळी, खाली उतरत जाणारी बाग आणि तिच्या पलीकडे डोक्यावर किल्ला. मला आधी वाटलं उतार आहे म्हणून बांधलं नसेल. तर तसं नाहीये. १७७० च्या दशकात त्या बाजूला बांधकाम सुरू झालंच होतं, तेव्हा समोर घरं घेतलेल्या लोकांनी केस केली, आमच्यासमोर मोकळं राहणार म्हणून आम्ही इथे घरं घेतली असं त्यांचं म्हणणं, त्यांच्यात तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमसुद्धा होता. आणि पुढे १८१६ च्या कायद्याने ती बाजू कायमची मोकळी ठेवायचं ठरलं. मी हे बाबांना सांगितलं तर ते जागच्या जागी थांबले. "समोरचं दिसलं पाहिजे म्हणून केस?" हो बाबा, समोरचं दिसलं पाहिजे म्हणून.

तिथली प्रिन्सेस स्ट्रीट गार्डन्स खरं तर एका घाण तळ्याच्या जागेवर आहे. नॉर लॉख नाव त्याचं, किल्ल्याच्या संरक्षणासाठी पंधराव्या शतकात केलेलं, पण वरच्या जुन्या गावाची सगळी घाण त्यात जायची. १७५९ पासून ते उपसायला लागले. आणि बाग झाली तरी आधी ती फक्त आसपासच्या घरमालकांसाठीच होती, पश्चिमेकडची बाग सगळ्यांना मोकळी झाली ती १८७६ मध्ये. बागेला मधोमध आडवा एक मातीचा मोठा बांध आहे, द माउंड, आता त्यावर रस्ता आणि आर्ट गॅलऱ्या आहेत. नवीन शहराचे पाये खोदताना निघालेली माती तिथे आणून टाकत गेले, साधारण १५ लाख गाड्या माती असं सांगतात. बाबांनी लगेच मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला आणि मान हलवली.

फुलांचं घड्याळ तिथेच आहे, १९०३ चं, जगातलं पहिलं. आम्ही गेलो तेव्हा त्याची लावणी चालू होती, माळी लोक फळीवर पालथे झोपून एक एक रोप लावत होते, इंचाइंचाने. फोटोत दिसतं ते फुललेलं घड्याळ आम्हाला दिसलं नाही पण मला लावणी बघायला जास्त आवडलं. घाई नाही कोणाला. एका बाईने आम्ही बघतोय म्हटल्यावर रोपांचा ट्रे उचलून दाखवला, बाबांनी तिला मराठीत "छान, छान" म्हटलं आणि ती हसली.

आणि बाकडी! या गावातल्या बाकड्यांवर वेगळं लिहायला हवं. जवळपास प्रत्येक बाकड्यावर एक छोटी पितळी पट्टी असते, गेलेल्या माणसाची आठवण, अमुक आजी, तिला ही जागा फार आवडायची, असं. ती जागा तिला का आवडायची ते बाकड्यावर बसलं की कळतं, कारण समोर काहीतरी असतंच, किल्ला किंवा खाडी किंवा नुसतं एक झाड. बाबा बसण्याआधी दर वेळी पट्टी वाचायचे, मला अर्थ विचारायचे, आणि मग बसायचे. आई जाऊन आता सहा वर्षं झाली. त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.

बोटॅनिक गार्डनला एक अख्खा दिवस ठेवा, जमलं तर दोन. आम्ही चारदा गेलो. १६७० मध्ये हॉलिरूडच्या राजवाड्याजवळ औषधी वनस्पतींचा एक छोटा वाफा म्हणून सुरू झालेली ही बाग, जागा बदलत बदलत १८२० च्या दशकात इनव्हर्लीथला आली, आता ७० एकर आहे. बागेला तिकीट नाही. काचघरं तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती, ते राहिलं. पण मे महिना म्हणजे तिथे ऱ्होडोडेंड्रॉनचा महिना, हिमालयातला बुरांश आपल्याला माहितीये तो, त्याचे इतके प्रकार आणि इतके रंग की काही झाडांखाली पडलेल्या फुलांनी जमीन दिसत नव्हती. हिमालयातून, चीनमधून आलेली झाडं तिथल्या थंडीत मजेत वाढलीयत. जुन्या जागेवरून इथे बाग हलवली तेव्हा मोठी वाढलेली झाडंसुद्धा मुळासकट उचलून, गाड्यावर घालून शहरातून आणली होती, त्यासाठी तिथल्या मुख्य माळ्याने, विल्यम मॅकनॅबने, खास गाडा वापरला. दोनशे वर्षांपूर्वी! आपल्याकडे उंटवाडीचा तो जुना वड उड्डाणपुलात जाणार म्हणून लोक रस्त्यावर आले होते तेव्हा बाबाही जाऊन उभे राहिले होते, त्यामुळे ही गोष्ट ऐकून ते फार खूश झाले आणि नाशिकला फोन करून त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला सांगितली.

त्या बागेत इनव्हर्लीथ हाउस म्हणून एक जुनं घर आहे, त्याच्या समोरच्या हिरवळीवरून पूर्ण शहराची रांग दिसते, डावीकडून उजवीकडे सगळे मनोरे आणि किल्ला. मला शिखरांपेक्षा ही जागा आवडली. उंचावरून सगळं छोटं होतं, इथून शहर शहरासारखं दिसतं.

कॅल्टन हिल शेवटी शेवटी केली, खरं तर ती सगळ्यात सोपी, स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं. ही टेकडी नगरपालिकेने १७२४ मध्येच विकत घेतली, लोकांना फिरायला. वर बारा मोठ्ठे ग्रीक खांब उभे आहेत आणि मागे काही नाही. १८२६ मध्ये नेपोलियनच्या युद्धात गेलेल्या सैनिकांसाठी अथेन्सच्या पार्थेनॉनसारखं स्मारक बांधायला घेतलं, १८२९ पर्यंत पैसे संपले, तेवढेच खांब राहिले. तिथेच नेल्सन मॉन्युमेंट नावाचा मनोरा आहे, त्याच्या टोकाच्या काठीवर एक मोठा गोळा आहे जो दुपारी बरोबर एक वाजता खाली पडतो, लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं जुळवता यावीत म्हणून १८५० च्या दशकात केलेली सोय. पण तिथे समुद्रावरून अचानक धुकं येतं, हार म्हणतात त्याला, दहा मिनिटांत समोरचं सगळं गायब. मग गोळा दिसणार कसा? म्हणून १८६१ पासून किल्ल्यावरून तोफ उडवतात, दुपारी एक वाजता, रविवार सोडून. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी दचकले, गावातली माणसं मात्र मनगटाकडे बघून पुढे चालायला लागतात.

कॅल्टन हिलवर सूर्यास्ताला जा, मेच्या शेवटी तो साडेनऊच्या पुढे होतो आणि नंतरही बराच वेळ उजेड असतो. जॅकेट, कानटोपी घेऊन जा, खालचं हवामान वर चालत नाही. आम्ही मनूने केलेले पराठे आणि नाशिकहून नेलेला चिवडा घेऊन गेलो होतो. बाबा म्हणाले की एडिनबरा सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात ना, तर नाशिकही नऊ शिखरांवर वसलेलं म्हणून नवशिख, त्याचं नाशिक झालं असं सांगतात, आणि मुघलांनी तर गावाचं नाव गुलशनाबाद ठेवलं होतं, बागांचं गाव. मनूला हे माहितीच नव्हतं. तिने विचारलं, "बाबा, ती नऊ शिखरं कुठली मग?" बाबांनी मोजायला सुरुवात केली, जुनी गढी, आणि मग एक दोन नावं घेतली, आणि म्हणाले की आता ती दिसत नाहीत, वस्तीखाली गेली, पंचवटीच्या चढ-उतारावर सायकल चालवली की पायाला कळतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो. कसाऱ्याचा घाट चढताना बाबा खिडकीला नाक लावून बसले होते, पाऊस अजून नव्हता, डोंगर पार कोरडे. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला स्कूटरचा आवाज.

पण पंधरा दिवसांनी एक गोष्ट झाली. मी गच्चीवर वाळवणं काढायला गेले तर बाबा पाण्याच्या टाकीच्या शिडीवर उभे. मी ओरडणारच होते, बहात्तर वर्षांचा माणूस, पण त्यांनी हाताने बोलावलं. टाकीच्या चौथऱ्यावर, अगदी कोपऱ्यात उभं राहिलं की त्या दोन बिल्डिंगच्या मधल्या फटीतून वीतभर डोंगर दिसतो. माथा आणि थोडासा उतार. त्यांनी तो एडिनबराहून आल्यापासून रोज शोधला होता, गच्चीच्या प्रत्येक कोपऱ्यातून.

आता तिथे चौथऱ्यावर एक प्लास्टिकची खुर्ची आहे, आणि शिडीला मी कठडा करून घेतलाय. संध्याकाळी साडेपाचच्या जरा आधी बाबा चहा घेऊन वर जातात आणि मनूला व्हिडिओ कॉल लावतात. तिकडे तेव्हा दुपारचा एक होत आलेला असतो, उन्हाळ्यात. ती घरून काम करत असली की मोबाईल किचनच्या खिडकीत ठेवते.

"तुमचा दिसतोय का गं?" बाबा विचारतात.

"नाही हो बाबा, आज धुक्यात आहे सगळा. तुमचा?"

"आमचा दिसतोय."

मग दोघं गप्प बसतात, तोफेची वाट बघत.